राजीनामा ड्राफ्टमध्येच राहिला: एकाच वेळी तीन कामांचं एक प्रकरण

मी एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर सेवा कंपनीत मनुष्यबळ विभागात काम करते. हे प्रकरण २०२२ मधलं आहे आणि त्याची चौकशी माझ्याकडे होती. माणसं किंवा कंपन्या ओळखू येतील असे तपशील काढले आहेत, रकमा थोड्या बदलल्या आहेत. 'मूनलायटिंग', म्हणजे एक नोकरी चालू असताना गुपचूप दुसरं काम करणं, म्हटलं की बोलणं लगेच तो माणूस कष्टाळू की लबाड इथे येऊन थांबतं. मला मात्र या प्रकरणातली सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट तिसऱ्याच व्यक्तीच्या अप्रेझलच्या (कामाच्या मूल्यमापनाच्या) फाइलमध्ये सापडली, आणि तीही उशिरा.

पार्श्वभूमी

ज्याची चौकशी होती तो सीनिअर इंजिनिअर, बॅकएंडचं (सर्व्हर आणि डेटाबेसच्या बाजूचं) काम, आठ वर्षांचा अनुभव. आमच्याकडे पॅकेज वर्षाला १८ लाख. मार्च २०२० पासून त्याची टीम पूर्णपणे घरून काम करत होती आणि त्याच्याबद्दल कधी तक्रार आली नव्हती. उलट अडलेल्या प्रकल्पावर पाठवायचा माणूस म्हणून त्याचं नाव घेतलं जायचं.

डिसेंबर २०२१ मध्ये एका स्टार्टअपने त्याला २६ लाखांची ऑफर दिली. त्या हिवाळ्यात आयटीतली माणसं भराभर नोकऱ्या बदलत होती, त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं. तो राजीनामा देणारच होता. मेल लिहून तयार होता. अडलं ते नोटिस पिरियडवर. आमच्याकडे ९० दिवस, तर तिकडून निरोप होता की दोन आठवड्यांत या, नाहीतर दुसरा उमेदवार बघतो. त्याने हिशेब केला की नोटिसचे दिवस तसेही हलके असतात, दोन-तीन महिने दोन्हीकडचं निभावून नेऊ. जानेवारी २०२२ मध्ये तो तिकडे रुजू झाला. राजीनाम्याचा मेल त्या आठवड्यात गेला नाही. पुढच्या आठवड्यातही गेला नाही. महिनाअखेरीला दोन्हीकडचे पगार एकाच खात्यात जमा झाले आणि त्यानंतर त्याने तो मेल उघडलाच नाही.

चौकशीत तो म्हणाला, "मॅडम, दोन नोकऱ्या करायच्या असं मी ठरवलंच नव्हतं. एक सोडायची राहून गेली." मला ते खरं वाटलं. अजूनही वाटतं. आमच्या चर्चेत गृहीत धरलं जातं की माणूस एक दिवस बसून कट रचतो. इथे निर्णय झाला तो रोज थोडा थोडा, न घेऊन.

स्टार्टअपने रिलीव्हिंग लेटर (आधीच्या कंपनीने मोकळं केल्याचं पत्र) ४५ दिवसांत आणून द्या असं सांगितलं होतं. ते पुन्हा कोणी मागितलं नाही. जुलैमध्ये तिसरं काम आलं. ही नोकरी नव्हती. सल्लागार म्हणून दरमहा ९० हजारांचं बिल लावायचं, त्यावर आयकर कायद्याच्या कलम १९४जे खाली टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापला जायचा, भविष्य निर्वाह निधीचा संबंध नाही. गृहकर्ज लवकर फेडायचं हे कारण त्याने सांगितलं आणि बँकेचे कागदही दाखवले. कोणी मागितले नव्हते.

अडचण

दिवस कसा जायचा हे त्याच्याच तोंडून ऐकलं. दहाला आमचा स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक), साडेदहाला तिकडचा. तिकडचा कधी सव्वादहाला सरकला की एका कानात एक हेडसेट आणि दुसरा गळ्यात. कॅमेरा बंद, कारण नेट स्लो. कॅलेंडरवर रोज दुपारी दोन तास 'फोकस टाइम'चा पट्टा, जो प्रत्यक्षात दुसऱ्या कंपनीच्या मीटिंगसाठी राखलेला असायचा. काम तो करत होता, पण बेतापुरतं. आधी तो ज्युनिअरच्या कोडवर दहा-बारा टिपण्या लिहायचा. एप्रिलनंतर नुसतं 'ठीक आहे, मर्ज करा' (मुख्य कोडमध्ये मिसळा) असायचं. हे सगळं आमच्या सिस्टीममध्ये तारीखवार नोंदलेलं होतं. कोणी पाहिलं नाही.

टीम लीडला बदल जाणवला होता. त्याने तो स्वतःशीच समजावून घेतला: घरी काही चाललं असेल, विचारणं बरं दिसत नाही. सभ्य माणूस आहे तो. पण सहा महिने त्याने जे विचारलं नाही त्याचं ओझं टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीवर पडत गेलं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये एका ग्राहकाचा रात्रीचा रिलीज (नवा बदल चालू प्रणालीवर चढवणं) होता, जबाबदारी याची. नेमकं त्याच संध्याकाळी स्टार्टअपचं लाँच आलं. याने दीड वर्ष अनुभव असलेल्या त्या मुलीला मेसेज केला की घरी आजारपण आहे, स्क्रिप्ट तयार आहे, फक्त चालवायची आहे. स्क्रिप्टमध्ये डेटाबेसमधल्या एका टेबलवर नवा इंडेक्स (नोंदी लवकर शोधता याव्यात म्हणूनची सूची) बनवायचा होता. लहान टेबलवर साध्या पद्धतीने इंडेक्स बनवला तर काही सेकंदांत होतो. लाखो नोंदींच्या टेबलवर तो बनेपर्यंत त्या टेबलवर लिहिणंच थांबतं, म्हणून तिथे लिहिणं चालू ठेवून इंडेक्स बनवण्याची वेगळी आज्ञा वापरावी लागते. त्याला हे पाठ होतं. तिला नव्हतं. टेस्टच्या छोट्या डेटावर स्क्रिप्ट सुरळीत चालली होती, त्यामुळे तिला शंका यायचं कारणही नव्हतं. प्रत्यक्षात ग्राहकाच्या ऑर्डर सुमारे चाळीस मिनिटं अडकल्या. तिने त्याला सहा फोन केले. तो दुसऱ्या लॅपटॉपवर लाँचच्या कॉलमध्ये होता. रात्री दोनच्या पुढे तिने एकटीने सगळं मागे घेतलं.

नंतरच्या कारणमीमांसेच्या अहवालात एक वाक्य आलं: 'रिलीजच्या वेळी पुरेसं निरीक्षण झालं नाही.' त्यापुढे तिचं नाव. त्याच महिन्यात अर्धवार्षिक अप्रेझल होतं. तिचं रेटिंग चारवरून तीनवर आलं. त्या अप्रेझलवर मनुष्यबळ विभागाकडून सही माझी आहे.

उलगडा

हे कोणाच्या चाणाक्षपणामुळे उघड झालं नाही. नोव्हेंबरमध्ये एका ग्राहकाने त्याच्या प्रकल्पावरच्या सगळ्यांची पार्श्वभूमी पुन्हा तपासून मागितली. सगळ्यांनी संमतीपत्रावर सह्या केल्या, त्यानेही केली. तपासणी करणाऱ्या संस्थेने यूएएनवरचा नोकरीचा इतिहास काढला.

यूएएन हा भविष्य निर्वाह निधीचा बारा अंकी क्रमांक. २०१४ पासून तो माणसाला मिळतो, नोकरीला नाही. कंपनी बदलली की त्याच क्रमांकाखाली नवा सदस्य क्रमांक तयार होतो. क्रमांक आधारला जोडलेला असल्यामुळे नव्या कंपनीत 'मी आधी सदस्य नव्हतो' असं सांगून दुसरा क्रमांक काढणं अवघड, आणि रुजू होताना भरायच्या फॉर्म ११ मध्ये तसं लिहिलं तर ती खोटी घोषणा. त्याने खरा क्रमांक दिला होता. त्यामुळे एकाच यूएएनखाली दोन सदस्य क्रमांक, दोन्हीत दरमहा रक्कम जमा, आणि पहिल्याला नोकरी सोडल्याची तारीखच नाही, असा अहवाल माझ्या टेबलावर आला. दहा महिने आमच्या डोळ्यांसमोर जे होतं ते आम्हाला दिसलं नव्हतं, आणि सरकारी नोंदीतली एक रिकामी जागा बघून आम्ही दहा मिनिटांत खडबडून जागे झालो.

समोरचे पर्याय

बाहेरचं वातावरण तापलेलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी अशा दुहेरी कामाला सरळ फसवणूक म्हटलं होतं, आणि सप्टेंबरमध्ये प्रतिस्पर्ध्यांसाठी काम करताना आढळलेल्या ३०० जणांना काढल्याचं सांगितलं होतं. दुसरीकडे स्विगीने त्याच ऑगस्टमध्ये बाहेरच्या कामाला परवानगी देणारं धोरण जाहीर केलं होतं. इन्फोसिसने आधी कर्मचाऱ्यांना कडक ताकीद दिली, मग ऑक्टोबरमध्ये पूर्वपरवानगीने आणि हितसंबंध आड येत नसतील तर बाहेरचं काम चालेल असं कळवलं. आमच्या संचालकांना पहिलं उदाहरण जवळचं वाटत होतं. 'उद्याच काढा' असा सूर होता.

मी आधी कायद्याची बाजू मांडली, कारण बैठकीत 'हे बेकायदेशीरच आहे' असं दोनदा म्हटलं गेलं होतं. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ६० मध्ये एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करण्यावर तेव्हा बंधन होतं, पण आम्ही कारखाना नाही. सॉफ्टवेअर कंपनीतल्या इंजिनिअरच्या बाबतीत खरा आधार करारच. करार अधिनियम, १८७२ चं कलम २७ उपजीविकेवर बंधन घालणारे करार रद्द ठरवतं. मात्र नोकरी चालू असेपर्यंतचं बंधन त्यात मोडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये निरंजन शंकर गोलिकरी खटल्यात मान्य केलं आहे. आमच्या नियुक्तिपत्रात 'पूर्वपरवानगीशिवाय अन्य नोकरी करणार नाही' हे कलम होतं आणि त्याखाली त्याची सही होती. म्हणजे गुन्हा नाही, करारभंग आहे. हा फरक मी हट्टाने इतिवृत्तात लिहून घेतला, कारण गुन्हेगार समजून चौकशी केली की माणूस तोंड मिटतो आणि उपयोगाचं काहीच कळत नाही.

तडकाफडकी काढलं असतं तर ते सोपं होतं, पण त्याच्याकडे कोणता कोड, कोणते पासवर्ड, कोणाचा डेटा आहे हे कळलंच नसतं. गुपचूप राजीनामा घ्यावा तर ग्राहकाला काय सांगायचं हा प्रश्न दाबला जाणार होता. 'एक नोकरी निवड आणि राहा' हा पर्याय टीम लीडने मांडला. माणूस चांगला आहे, तिकडचं सोडेल, असं त्याचं म्हणणं. माझा कल काही काळ त्याच बाजूला होता. रिलीजच्या रात्रीचा मेसेज वाचल्यावर तो राहिला नाही. दुसरी नोकरी असणं मी समजू शकत होते. घरच्या आजारपणाचं नाव पुढे करून एका नवख्या मुलीला एकटं सोडणं मला पचवता आलं नाही.

कारवाई

कारणे दाखवा नोटीस दिली, उत्तराला सात दिवस. चौथ्या दिवशी दोन पानी उत्तर आलं. दोन गोष्टी त्याने आपणहून लिहिल्या होत्या, ज्या आम्हाला सापडल्या नसत्या: तिसरं काम, आणि आमच्याकडे लिहिलेलं एक छोटं मॉड्यूल त्याने स्टार्टअपच्या कोडमध्ये वापरलं होतं. दुसरी बाब नोकऱ्यांच्या संख्येपेक्षा गंभीर. प्रतिलिपी अधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. एकच मॉड्यूल दोन मालकांच्या कोडमध्ये, आणि त्या दुसऱ्या मालकाला पत्ताच नाही.

विधी सल्लागाराने स्टार्टअपला नोटीस पाठवायला सांगितलं. तसं केलं असतं तर त्याची तिकडची नोकरीही त्याच दिवशी गेली असती. अखेर त्याच्याकडून हमीपत्र घेतलं की तो भाग स्वतः नव्याने लिहून आमचा काढून टाकेल. तो खरंच निघाला का, हे तपासायचा मार्ग आमच्याकडे नव्हता. तरी मी त्यावर सही केली. एका माणसाची दोन्ही दारं एकदम बंद करायचं माझ्या जिवावर आलं. तो निर्णय योग्य होता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

राजीनामा घेतला, नोटिस माफ केली, ३० नोव्हेंबर शेवटचा दिवस. रिलीव्हिंग लेटरवर फक्त रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख. वर्तणुकीबद्दल शेरा नाही. खोटा शेरा नको आणि आयुष्यभर पाठीला चिकटणारा शेराही नको, यावर एकमत व्हायला दोन बैठका गेल्या.

सगळ्यात अवघड बोलणं ग्राहकाचं. करार तासांच्या हिशेबाचा होता. रोज आठ तासांचं बिल त्याच्या नावावर जात होतं. त्याने ते तास दिले नसतील तर जास्तीचे पैसे आम्ही घेतले होते, त्याने नव्हे. हा मुद्दा डिलिव्हरी हेडने स्वतः काढला याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. कॅलेंडर आणि कोडच्या नोंदी ताडून १६० तास काढले, ग्राहकाला खरं कारण सांगितलं आणि तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट (बिलातून रक्कम वळती करून देणारा कागद) दिली. ग्राहक चिडला, पण गेला नाही.

याच सुमारास व्यवस्थापनाला कीबोर्ड आणि माउसच्या हालचाली मोजणारं सॉफ्टवेअर सगळ्यांच्या लॅपटॉपवर घालायचं होतं. मी विरोध केला. माउस हलता ठेवणारं यंत्र कोणीही विकत घेऊ शकतं. आणि हा माणूस तर दोन्हीकडे दिवसभर लॉगिन होता, 'ऑनलाइन'चा हिरवा दिवा कधी विझलाच नव्हता. त्या मोजणीत तो पहिला आला असता. घटलं होतं ते दुसऱ्याच्या कोडकडे लक्ष देणं, फोन उचलणं, शिकवणं, आणि ते तसल्या सॉफ्टवेअरला दिसत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

त्याच्या बाजूने पाहिलं तर जानेवारीतला तो मेल. त्यानंतरही एक संधी होती: स्टार्टअपने रिलीव्हिंग लेटर मागितलं त्या ४५ दिवसांत दोन्हीपैकी कुठेही खरं बोलता आलं असतं. आम्ही नोटिसचे ९० दिवस कमी केले असते का? बहुधा साठावर तडजोड झाली असती. पण त्याला तसं वाटलं नाही, आणि त्यात आमचाही दोष आहे. आधीच्या वर्षी लवकर सोडा म्हणणाऱ्या दोघांना आम्ही साफ नाही म्हटलं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. नोटिस पिरियड साठ दिवसांवर आणायचा माझा प्रस्ताव तेव्हापासून पडून आहे.

टीम लीडने एप्रिलमध्येच विचारायला हवं होतं. 'घरी सगळं ठीक ना' असं मोघम नाही, तर 'तुझ्या रिव्ह्यूमध्ये पूर्वी दहा टिपण्या असायच्या, आता एकही नसते, काय झालं?' असं. असा प्रश्न टाळणं कठीण जातं, आणि त्यात कोणावर आरोपही नसतो.

आणि मी. यूएएनचा अहवाल आला त्या दिवशी मी नियुक्तिपत्र काढलं, करार वाचला, वकिलांना फोन केला. ऑक्टोबरचा कारणमीमांसेचा अहवाल मी त्याच दिवशी पुन्हा उघडायला हवा होता. पुरावा कागदात सापडला म्हणून आम्ही सगळी चौकशी कागदाभोवती केली: किती नोकऱ्या, कोणत्या तारखा, कोणतं कलम. रिलीजच्या रात्रीचा मेसेज चौकशीच्या फाइलमध्ये त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून लागला. तोच मेसेज त्या मुलीला निर्दोष ठरवणारा पुरावा आहे, हे माझ्या लक्षात यायला मार्च उजाडला. तेही तिने आपणहून विचारलं तेव्हा: "मॅडम, त्या रात्रीचं माझ्या नावावरचं आता तरी निघेल का?"

परिणाम

स्टार्टअपने फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्मचारी कपात केली, त्यात तोही गेला. सल्लागारीचं काम आधीच संपलं होतं. त्यानंतर तीन ठिकाणी निवड होऊन तपासणीत तो अडकला, कारण यूएएनवर जानेवारी ते नोव्हेंबर २०२२ चा दुहेरी काळ दिसत होता. आमच्याकडची तारीख मागे घेऊन द्याल का, असं विचारायला त्याचा फोन आला. ते शक्य नव्हतं. निधी खरोखर भरला गेला होता, तारखा खऱ्या होत्या. मी त्याला सुचवलं की मुलाखतीच्या पहिल्याच फेरीत स्वतः सांगा. जूनमध्ये एका कंपनीने ते ऐकूनही त्याला घेतलं. पगार २० लाख.

जुलैत फॉर्म १६ साठी (पगार आणि त्यावर कापलेल्या कराच्या दाखल्यासाठी) त्याचा पुन्हा फोन आला, तेव्हा कराचा मुद्दा निघाला. दुसऱ्या पगाराची माहिती फॉर्म १२बी मध्ये त्याने कोणालाच दिली नव्हती, त्यामुळे दोन्ही कंपन्यांनी आपापला पगार एकटाच आहे असं धरून कर कापला. जुन्या करप्रणालीत १० लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टप्प्याटप्प्याने कर १,१२,५०० होतो; तेच १० लाख दुसऱ्या पगाराच्या वर रचले तर ३० टक्क्यांनी ३,००,०००. दोन्हीकडचं करपात्र उत्पन्न १० लाखांवर धरलं तर टप्प्यांचा फायदा दोनदा मिळाल्याने १,८७,५०० कमी कापले गेले, प्रमाणित वजावट दोनदा धरल्याने आणखी १५,०००, वर चार टक्के उपकर. म्हणजे २,१०,६०० रुपये एकदम भरायचे, शिवाय अग्रिम कर न भरल्याचं कलम २३४बी आणि २३४सी खालचं व्याज. त्याने भरले. कर्जफेडीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून.

आमच्याकडे बाहेरच्या कामाची माहिती देण्याचा एक पानी फॉर्म सुरू झाला: काय काम, आठवड्याला किती तास, प्रतिस्पर्धी आहे का, आमची साधनं वापरता का. पहिले तीन महिने एकही फॉर्म आला नाही. मग टीम लीडनेच स्वतःच्या शनिवारच्या शिकवणीचा फॉर्म भरून टीमला दाखवला, त्यानंतर येऊ लागले. आलेल्यांपैकी दोनच नाकारावे लागले.

त्या मुलीचा अहवाल मे २०२३ मध्ये दुरुस्त झाला. तिचं नाव काढलं, जबाबदारीचा रकाना नव्याने लिहिला, रेटिंग पुन्हा चार केलं. फरकाची रक्कम मागच्या तारखेपासून द्यावी अशी शिफारस मी केली. वित्त विभागाने आर्थिक वर्ष बंद झाल्याचं कारण देऊन ती परत पाठवली. मी दुसऱ्यांदा पाठवली, तीही परत आली. जूनमध्ये तिने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी ती दोन पानांची टिपणं टीमसाठी ठेवून गेली, मोठ्या टेबलवर इंडेक्स कसा बनवायचा याची. नोटिसचे ९० दिवस तिने पूर्ण भरले होते.